उसनी जहाजे, उसना अभिमान

मिलादचा जलसा असो, मुलांचा गुणगौरव असो की एखादा परिसंवाद, आपल्याकडे एक वक्ता हमखास उभा राहतो आणि सांगतो की अमेरिका कोलंबसाने शोधलीच नाही, त्याच्या आधी ती एका मुसलमान दर्यावर्दीने शोधली. टाळ्या पडतात. बाबा रे, हे लिहिलंय कुठे, असे कोणी विचारत नाही. विचारलेच तर उत्तर तयार असते: खुद्द एका इंग्रज नौदल अधिकाऱ्याने पुस्तक लिहिले आहे! इंग्रजाने लिहिलेला आपला इतिहास एरवी आपल्याला खोटा वाटतो. हाच तेवढा खरा.

हे अधिकारी म्हणजे गॅव्हिन मेंझीस. पाणबुडीचे कप्तान होते, निवृत्तीनंतर इतिहासाकडे वळले, २०२० साली वारले. २००२ साली त्यांचे '१४२१' हे पुस्तक आले आणि दहा लाखांवर खपले. प्रतिपादन असे की मिंग बादशहाचा दर्यासारंग झेंग हे याच्या ताफ्यांनी १४२१ ते १४२३ या दोन वर्षांत अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया गाठून पृथ्वीप्रदक्षिणा केली. २००८ साली पुढचे पुस्तक आले: १४३४ मध्ये चिनी ताफा इटलीला पोहोचला आणि युरोपातले प्रबोधन त्यानेच पेटवले. २०११ साली साहेब अटलांटिसच्या शोधाला लागले. चिनी इतिहास नव्याने लिहिणाऱ्या या गृहस्थांना चिनी वाचता येत नव्हते.

झेंग हे मुसलमान घरातला होता, हे खरे आहे. १३७१ मध्ये युनान प्रांतात जन्मला, घराण्याचे नाव मा, बाप आणि आजा दोघेही हाजी म्हणवले जात. मिंग फौजेने पोरवयात त्याला पकडले, खोजा केले, आणि त्याच पोराने पुढे १४०५ ते १४३३ या काळात सात दर्यासफरी केल्या. पहिल्या सफरीत सत्तावीस हजारांवर माणसे होती. कालिकत, होर्मुझ, एडन, मोगादिशू, मालिंदी इथवर त्याचे ताफे गेले. एवढे कर्तृत्व कुणाला कमी वाटत असेल, तर दोष वाटणाऱ्याच्या नजरेत आहे.

मेंझीस म्हणतात, दरबारातल्या अधिकाऱ्यांनी सफरींची कागदपत्रे जाळली, म्हणून पुरावा उरला नाही. दरबारी दप्तरातले बरेच काही नष्ट झाले असेलही. पण ताफ्यावर मा हुआन नावाचा दुभाषा होता, तोही मुसलमान, आणि त्याचे पुस्तक आजही आहे. १४२१ साली मुख्य ताफ्यातून झोउ आडनावाचा एक खोजा अधिकारी काही जहाजे घेऊन कुठे गेला, हे त्यात लिहिले आहे. एडनला. तिथे त्याने मौल्यवान खडे, मोती, पोवळी आणि जिराफ खरेदी केले. मेंझीस मात्र झोउ मान नावाच्या सरदाराला त्याच सुमारास पॅसिफिक ओलांडायला लावतात! रॉबर्ट फिन्ले या इतिहासकाराने २००४ मध्ये एका दीर्घ लेखात या पुस्तकाची वीण उसवून दाखवली. नमुना म्हणून एवढेच सांगतो की अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा दगडी मनोरा मेंझीस चिन्यांचा ठरवतात, आणि १६७७ च्या एका मृत्युपत्रात मालक त्याला आपली दगडी पवनचक्की म्हणतो.

आम्हाला राग याचा नाही. हौशी माणसाने इतिहास लिहू नये असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या जमातीचा जो काही इतिहास लिहिला गेला तो शिक्षकांनी, कारकुनांनी, वकिलांनीच लिहिला. राग याचा आहे की हा अभिमान आपल्याच माणसांना पुसून टाकतो. तुर्की दर्यासारंग पीरी रईस याने १५१३ साली जगाचा नकाशा काढला आणि कोलंबसाच्या नकाशासह कोणकोणते नकाशे वापरले ते त्यावर प्रामाणिकपणे लिहून ठेवले. मेंझीस सांगतात, मूळ चिनी होते. म्हणजे पीरी रईस नक्कल करणारा, मा हुआन बिनकामाचा. आणि यावर टाळ्या आपण वाजवायच्या!

झेंग हे कालिकतला आला तेव्हा त्याने काही 'शोधले' नव्हते. ती वाट अरब, गुजराती, मलबारी नाखुदांच्या पायाखालची होती. कालिकतचे व्यापारी हातापायांच्या वीस बोटांवर हिशेब करतात आणि चुकत नाहीत, याचे मा हुआनला केवढे नवल! श्रीलंकेत गॉलला झेंग हेने उभारलेला शिलालेख १९११ मध्ये सापडला. चिनी, तमिळ आणि फारसी अशा तीन भाषांत बुद्धाला, विष्णूच्या एका रूपाला आणि अल्लाहला जवळजवळ सारखीच दाने त्यात दिली आहेत. जलशातला वक्ता या दगडाबद्दल बोलत नाही. त्याला असा झेंग हे नको असतो.

इब्न माजिदचे तसेच. वास्को द गामाला हिंदुस्थानची वाट इब्न माजिदने दाखवली, हे आपल्याकडे छाती फुगवून सांगतात. पोर्तुगीज बखरकार बारोश त्या मालिंदीच्या वाटाड्याला गुजरातचा मूर म्हणतो. इब्न माजिदचे नाव मक्केच्या एका इतिहासकाराने पुढे सोळाव्या शतकात जोडले, तेही त्याला दारू पाजल्याची गोष्ट सांगून. आणि समजा वाट त्यानेच दाखवली, तर अभिमान कशाचा? त्याच गामाने १५०२ मध्ये मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज माणसांसकट जाळले. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी आपले दाभोळ बेचिराख केले. इब्न माजिदने तारे, वारे आणि बंदरांच्या वाटा यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याबद्दल मात्र अक्षर नाही.

२०१४ मध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान जाहीरपणे म्हणाले की मुसलमान ११७८ मध्येच अमेरिकेत पोहोचले होते आणि कोलंबसाने क्युबाच्या डोंगरावर मशीद पाहिली. कोलंबसाच्या रोजनिशीत आहे ते इतकेच, की एका डोंगराचा माथा सुरेख मशिदीसारखा दिसतो. मालीच्या सुलतानाचीही गोष्ट सांगतात. अल-उमरीने ती नोंदवली आहे. पण तीत दोन हजार नावा घेऊन गेलेला सुलतान परत आला नाही असेच आहे. पोहोचला असे आपण म्हणतो.

पु. ना. ओकांनी ताजमहालाला तेजोमहालय म्हटले तेव्हा आपण पुरावा मागितला. त्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळला तेव्हा बरे वाटले. शब्दांची ओढाताण, नष्ट झालेल्या कागदांची सबब, सगळ्या पंडितांचा कट: ओकांची आणि मेंझीसची तऱ्हा एकच. एका हाताने ओकांना पुरावा मागायचा आणि दुसऱ्या हाताने मेंझीसला टाळी द्यायची, हे कसे जमायचे? तुम्ही बाहेरचे, असे उद्या कोणी आपल्या पोराला वर्गात म्हणाले, तर क्युबातली मशीद त्याच्या काय कामाची? त्याला सांगायला हवे की हिजरी ३०४ मध्ये अल-मसूदी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला आणि तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात, त्यांतले कित्येक तिथेच जन्मले, असे त्याने लिहून ठेवले. हे साधार आहे. यावर उलटतपासणी झाली तरी पोरगा उभा राहील.

कोकणातल्या नाखवा आणि तांडेल घराण्यांच्या पेट्यांत काय कागद आहेत, जुन्या कबरींवर काय कोरले आहे, हे कोणी उतरवून घ्यायचे? मोडी आणि फारसी दोन्ही वाचू शकणारी किती माणसे जमातीत उरली? जलशाच्या मंडपाच्या खर्चात दोन मुले वर्षभर मोडी शिकतील. आणि मा हुआनच्या पुस्तकाचे चांगले इंग्रजी भाषांतर १९७० पासून आहे. आपल्यातल्या एखाद्या तरुणाने ते मराठीत आणावे. मेंझीसच्या पुस्तकापेक्षा पुष्कळ पातळ आहे.