फुप्फुसाचा कर्मविपाक

सुसान सोंटागचे 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' (१९७८) आम्ही वर्गात शिकवतो, रोगाला रूपक करू नये हे विद्यार्थ्यांकडून उत्तरपत्रिकेत लिहूनही घेतो. आणि ओळखीत कुणाला फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे कळले की शिक्षककक्षात पहिला प्रश्न येतो, "ओढत होते का?" कर्मविपाक हा धर्मशास्त्राचा विषय उरला आहे, असे कोण म्हणेल?

आमच्या एका शिपायाच्या पत्नीने जन्मात विडी हातात धरली नव्हती. चुलीपुढे मात्र तीस वर्षे बसल्या. खोकला, घटते वजन, क्ष-किरण चित्रात डाग. निदान झाले क्षयाचे. सात महिने क्षयाची औषधे खाल्ल्यावर सीटी स्कॅन निघाला, मग बायॉप्सी. तोवर रोग चौथ्या टप्प्यावर पोहोचला होता. क्षय घरोघरी असलेल्या देशात डॉक्टरांच्या मनात आधी क्षय येणारच. त्या पहिल्या तर्काला आम्ही दोष देत नाही. थुंकीत जंतू सापडत नाहीत, औषधाने उतार पडत नाही, तरीही रुग्णाला पुढे पाठवणारी बांधलेली वाट नाही, हा दोष आहे.

आणि शासनाला वाट बांधता येत नाही, असेही नाही. क्षयाची तपासणी व औषधे मोफत आहेत, २०१२ पासून प्रत्येक रुग्णाची नोंद बंधनकारक आहे, २०१८ पासून पोषणासाठी खात्यात पैसे जमा होतात. याच कार्यक्रमात एक कलम वाढवायला काय हरकत आहे? जंतू न सापडता उपचार सुरू केलेल्या रुग्णाला दोन महिन्यांत गुण आला नाही, तर जिल्हा रुग्णालयात सीटी व बायॉप्सी, विनामूल्य.

"आधी तंबाखू बंद करा," असे यावर सांगितले जाते. २००३ चा कायदा जरूर कठोरपणे राबवावा. पण 'ओढवून घेतले' या क्रियापदाच्या आड किती काळ लपायचे? विडी न ओढणाऱ्या रुग्णांत ज्या जनुकीय बदलावर गोळी लागू पडते तो अधिक आढळतो, परंतु चाचणीच झाली नाही तर गोळीचा उपयोग काय? २०२४ मध्ये ओसिमर्टिनिबवरील सीमाशुल्क माफ झाले. शिपायाच्या पगारात ती तरीही बसत नाही. जेफिटिनिबची देशी गोळी त्या मानाने स्वस्त आहे. ती, आणि तिच्याआधीची चाचणी, जिल्ह्याच्या ठिकाणी मिळाली, तर परळच्या टाटा रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर पथारी टाकणारी निदान काही कुटुंबे आपल्या गावी झोपतील.