पोट लहान झाले, पण खाण्याची ओढ? वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दुसरे वर्ष का महत्त्वाचे

नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ‘बॅरिअ‍ॅट्रिक’ हा शब्द मराठी घरांत पोहोचला. तेव्हापासून चर्चा होते ती किती किलो उतरले याचीच. मनाचे काय, हे क्वचितच कोणी विचारते.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात. भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरकही घटते. साहजिकच एका बैठकीत ताटभर जेवणे जमत नाही. पण ताण आला, एकटे वाटले की खायचे, ही सवय जठराबरोबर निघून जात नाही. ती रूप बदलते. भाकरी जड जाते. कुंथलगिरीचा पेढा, आइस्क्रीम मात्र सहज उतरते. दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकणे सुरू होते. प्रमाण कमी दिसते म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. किती खाल्ले यापेक्षा थांबता आले का, हे पाहायला हवे.

अनावर खाणे, म्हणजेच ‘बिंज ईटिंग’, हा स्वतंत्र मानसिक आजार असल्याचे अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये मान्य केले. आपल्याकडे अजूनही ‘जिभेवर ताबा नाही’ म्हणून विषय संपतो.

पहिले वर्ष कौतुकात जाते. कठीण काळ पुढे असतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ८,८१५ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःला इजा करून घेतल्याने तातडीच्या उपचारांची वेळ येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे ५० टक्क्यांनी वाढले होते. बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या. असे रुग्ण एकूणात थोडे होते आणि मधुमेह, रक्तदाबावर या शस्त्रक्रियेचा फायदा मोठा आहे, हेही खरे.

पण याच काळात तपासणीच्या फेऱ्या कमी होतात. धाराशिवहून पुण्याला जाऊन-येऊन पाचशे किलोमीटर. वजन उतरलेले असताना, केवळ मन लागत नाही म्हणून एवढी खेप कोण करणार?

जिल्ह्याला समुपदेशन नवे नाही. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात धाराशिवही होता. मात्र शस्त्रक्रिया झालेला रुग्ण त्या यंत्रणेच्या नजरेत येत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोन वर्षांनंतरही फोनवर भेटतील का, हे रुग्णालयाला विचारून घ्यावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत, मराठीतही बोलता येते.