कलम आणि रान

डाळिंबाच्या फांदीला गुटी बांधून एका झाडाची अनेक झाडे करणे, हे सोलापूरचे अंगवळणी पडलेले शहाणपण. समुद्रापासून इतक्या दूर, घरातील खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत मृदू प्रवाळ वाढवणारा हौशी माणूसही वेगळे काही करीत नाही. सार्कोफायटनची छत्री धारदार पात्याने कापावी, तुकडा दगडावर टेकवावा. काही आठवड्यांत तो दगडाला धरतो आणि उरलेल्या बुंध्यालाही नवी छत्री फुटते. समुद्रातून ओरबाडून आणलेल्या प्रवाळापेक्षा हे घरचे कलम केव्हाही बरे, असेच आम्ही म्हणू.

मात्र या हौसेला कोणी ‘प्रवाळांचे संवर्धन’ म्हणू लागला, की आमची हरकत आहे. कलमातून संख्या वाढते, वाण तोच राहतो. एकाच वाणाच्या बागांवर तेल्या आला, की काय होते, हे आमच्या जिल्ह्याने भोगले आहे. प्रवाळांतील नवे वैविध्य बीजांडे व शुक्राणू एकत्र येऊन जन्मते, आणि त्याचे खरे घर जिता समुद्रच. १९८७ मध्ये घोषित झालेले मालवणचे सागरी अभयारण्य म्हणूनच मोलाचे. काचेतली बाग जरूर फुलवावी. तिच्याकडे बोट दाखवून रानाची चिंता मात्र सोडू नये.