बर्फ, अक्रोड आणि बाईंनी केलेला घोटाळा

मुलांनो, बर्फ पडतो तेव्हा आवाज कसा येतो, सांगा पाहू? येतच नाही! आपला पाऊस कसा, येतो तोच पत्र्यावर ताशा बडवत. बर्फ मात्र मांजराच्या पावलांनी येतो. रात्री झोपताना काही नसतं आणि सकाळी दार उघडावं तर अंगण गायब, कुंपण गायब, सफरचंदाच्या झाडांना पांढऱ्या टोप्या!

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी हिमाचल प्रदेशात गेले होते. माझी मावसबहीण तिकडे कुलूच्या खोऱ्यात नोकरीला असते. नग्गर गावाच्या वर, डोंगरात, एका जुन्या घरात ती भाड्याने राहते. देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून बांधलेलं ते घर. खाली गाय, वर माणसं. गाईची ऊबसुद्धा वाया जाऊ द्यायची नाही!

त्या सकाळी मी काय केलं असेल? शाळेतली पोरं बघायला नाहीत म्हटल्यावर मी सरळ अंगणात उडी मारली. गुडघ्यापर्यंत रुतले. घरमालकीणबाईंच्या नातवाशी गोळ्यांची लढाई केली आणि हरले. शेवटी बोटं बधिर झाली, तेव्हा कुठे आत आले.

घरमालकीणबाईंना तिथे सगळे अम्मा म्हणतात. त्या म्हणाल्या, "मॅडमजी, बर्फ काही पळून जात नाही. आधी चहा घ्या."

खोलीत मधोमध तंदूर पेटलेला होता. रोट्यांचा तंदूर नव्हे हं! ही पत्र्याची शेगडी असते. तिचं धुराडं छपरातून बाहेर काढलेलं असतं. खिडकीशी माग होता, त्याला तिकडे खड्डी म्हणतात. आपल्याकडे उन्हाळा आला की पापड-कुरडयांची कशी गडबड उडते? तशी तिथे थंडीत लोकरीची. शेतात बर्फ, बागेत बर्फ, मग हात रिकामे कशाला ठेवायचे? शेजारच्या दोघी-तिघी टकळ्या घेऊन तंदूरभोवती बसल्या होत्या. हातातली टकळी आणि तोंडाची टकळी, दोन्ही जोरात!

ही लोकर येते गद्दी मेंढपाळांच्या मेंढ्यांची. उन्हाळ्यात ते कळप घेऊन उंच कुरणांत जातात आणि थंडीत खाली उतरतात. आपले धनगर नाही का पावसाळा सरला की कळप घेऊन कोकणाची वाट धरतात? तसंच. हल्ली कुलूच्या शालींना परदेशी मेरिनो लोकरही वापरतात, ती जास्त मऊ असते. अम्मांचं मत मात्र ठाम होतं. "मऊ ती मऊ. पण थंडी आपल्या मेंढीलाच कळते."

तंदूरवर एका पातेल्यात काळपट पाणी गरम होत होतं. मला वाटलं काढा आहे! तो होता अक्रोडाचा रंग. आपण खातो त्या अक्रोडाच्या कवचावर झाडावर असताना एक हिरवी जाड साल असते. ती सोलताना बोटं अशी तपकिरी होतात की आठवडाभर निघत नाही. बोटांना लागतं तसं लोकरीलाही लागतं. तुरटीचीसुद्धा गरज नाही. पावसाळा संपता संपता सोललेल्या साली अम्मांनी वाळवून ठेवल्या होत्या. रात्रभर भिजवून, उकळून, गाळून त्यांनी रंग केला होता आणि त्यात लोकरीच्या दोन लड्यांपैकी एक सोडली होती. नात कॉलेजात शिकते, तिच्यासाठी शाल विणायची होती. मधला भाग मेंढीच्या मूळ करड्या रंगाचा आणि दोन्ही टोकांना तपकिरी नक्षी. एका टोकाला एक लडी.

तासाभराने अम्मांनी पातेलं खाली उतरवलं. "उद्या सकाळपर्यंत तसंच राहू द्या," असं बजावून त्या खाली गाईचं बघायला गेल्या.

आणि इथे तुमच्या बाईंनी घोटाळा केला!

मला वाटलं, बाहेर एवढा बर्फ आहे, लडी चटकन गार करून अम्मांना चकित करावं. चिमट्याने काढली, घमेल्यात घातली आणि बाहेर नेऊन बर्फात दाबली. काय मजा आली म्हणून सांगू! वाफ निघाली, पांढऱ्या बर्फावर चॉकलेटी नक्षी उमटली. मग मी ती दोन्ही हातांनी खसाखसा चोळली. आपण सतरंजी धुतो तशी.

उचलून पाहते तो लडी सुटेचना! धागा धाग्याला चिकटून दोरखंडासारखा गच्च गोळा झाला होता. आठ संध्याकाळी बसून कातलेला धागा, आणि मी तो पाच मिनिटांत घालवला.

असं का झालं? लोकरीचा तंतू आपल्याला गुळगुळीत वाटतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर खवले दिसतात, छपरावरच्या कौलांसारखे. ऊन पाण्यात ते उघडतात आणि चोळलं की एकमेकांत अडकून बसतात. म्हणून लोकर रंगवताना हळूहळू तापवायची, हळूहळू निवू द्यायची आणि चोळायची मुळीच नाही. याच गुणाचा माणसाने उपयोगही केला आहे. काश्मीरचा नमदा मागावर विणत नाहीत, लोकर ओली करून दाबून, लाटून तो बनवतात. आणि पहाडातलं जाड पट्टीचं कापड विणून झालं की ऊन पाण्यात पायांनी तुडवतात, म्हणजे ते घट्ट होऊन वारा आत शिरत नाही.

पण हे सगळं मला अम्मांनी नंतर सांगितलं. आधी त्या काहीच बोलल्या नाहीत. गोळा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. माझा चेहरा गृहपाठ न केलेल्या मुलासारखा झाला होता. मग त्यांनी सुरी घेतली, गोळ्याचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा खिडकीच्या फटीत ठोकून बसवला. वारा थांबला! "याचंच काम होतं," असं म्हणून हसल्या. दुसरी लडी त्याच पातेल्यात सोडली. पण रंग पहिल्या लडीने पिऊन टाकला होता, म्हणून ही उतरली फिकट बदामी. तिसरी कातायला वेळ नव्हता. तेव्हा नातीच्या शालीचं एक टोक बदामी झालं आणि दुसरं करडंच राहिलं.

चार दिवस मी मागाशेजारी बसून होते. उभा ताणा, आडवा बाणा. पायाने पावडी दाबायची, धोटा सरकवायचा, फणी ठोकायची. नक्षीच्या जागी मात्र धोटा थांबतो. तिथे छोटे छोटे धागे बोटांनी एकेक घालावे लागतात. सकाळपासून बसून माझ्या करंगळीएवढी पट्टी झाली, आणि मीच दमले!

बाजारात तसल्याच नक्षीच्या शाली स्वस्तात दिसल्या. मी अम्मांना विचारलं. त्या म्हणाल्या, "मशीनच्या. मशीनला हात दुखत नाहीत." हातमागासाठी राखून ठेवलेल्या कापडांचा एक कायदा १९८५ साली झाला, त्यात शालही आहे. तरी नकला येतातच. आईबाबांनी शाल घेताना २००६ साली सुरू झालेली हातमागाची खूण, हँडलूम मार्क, शोधावी. धाग्याचा एक तंतू मोठ्या माणसांनीच जाळून पाहावा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण कांद्याची सालं आहेत की नाही? मोठ्यांना सोबत घ्या. पांढऱ्या खऱ्या लोकरीचा ५० ग्रॅम धागा कोमट पाण्यात भिजवा. ५ ग्रॅम तुरटीच्या पाण्यात तो तासभर मंद आचेवर ठेवा. ५० ग्रॅम वाळकी सालं अर्धा तास उकळून गाळा, पाणी कोमट होऊ द्या, मग त्यात धागा सोडा आणि हळूहळू तापवा. उकळी नको. पाऊण तासाने आच बंद. पातेलं स्टीलचंच घ्या, लोखंडाने रंग काळवंडतो. आणि त्या पातेल्यात पुन्हा स्वयंपाक करायचा नाही!

धागा काढायचा दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री उठून बघायला गेलात तरी चालेल, पण हात लावायचा नाही.

गोळ्याचा दुसरा तुकडा मी मागून आणला. तो आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. कात्रीने कापला तरी त्यातून एक धागा सुटत नाही, माझ्या मुलांनी खूप प्रयत्न करून पाहिला. तुमचा रंगलेला धागा वीतभर कापून पत्रात घाला आणि पाठवा. कुणाचा पिवळा, कुणाचा नारिंगी निघतो, ते मी सगळे शेजारी शेजारी लावून पाहणार आहे.

तुमच्या,
बाई