गुणगौरव पुरे, आता दाखले काढा

दर ९ जानेवारीला आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर फातिमा शेख असतात. त्या होत्या की नव्हत्या, यावरही आपण रात्र रात्र भांडतो. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचं नाव आहे, हे समोरच्याला ठणकावून सांगतो. सांगायलाच हवं. पण त्याच दमात एक प्रश्न आपल्यालाही विचारायला हवा. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतून गेल्या पाच वर्षांत आपल्यातल्या किती मुलामुलींनी बी.एड.ला प्रवेश घेतला? किती जण टीईटी पास झाले? कितींना शाळा मिळाली? ही यादी तुमच्या जमातीकडे आहे का, ते एकदा विचारून बघा. उरुसाच्या वर्गणीची वही मिळेल, शादीखान्याच्या बुकिंगची मिळेल. ही यादी मात्र क्वचितच कुणाकडे असेल.

माझं म्हणणं सरळ आहे. पदवीधराला शिक्षक होण्याचा रस्ता अवघड आहे, पण बंद नाही. फीच्या पैशांची सोयही बऱ्यापैकी आहे. आपली मुलं गुणांत कमी पडण्याच्या आधीच तारखांत आणि कागदांत कमी पडतात. तारखा आणि कागद सांभाळणं हे वीस-एकवीस वर्षांच्या एकट्या पोराचं काम नाही, ते जमातीचं काम आहे. आणि जमात काय करते? जूनमध्ये एक हॉल घेते, शाल, गुलाबाचं फूल आणि ट्रॉफी देते, पाच पुढाऱ्यांची भाषणं ऐकवते आणि घरी जाते. त्या ट्रॉफीवर कुठल्याही कॉलेजात प्रवेश मिळत नाही.

‘नोकरी पैशानेच मिळते’

पहिला अडथळा आपल्या तोंडात आहे. ‘बी.एड. करून काय दिवे लावणार? मास्तरकी पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही.’ हे वाक्य ऐकूनच कितीतरी पदवीधर रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली लागतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण निवड करायच्या आधीच एक दार बंद आहे असं सांगणं ही त्या मुलांची फसवणूक आहे.

खासगी संस्थांत पैशांचे व्यवहार झाले, ते कुणी नाकारत नाही. टीईटीत घोटाळा झाला हेही खरं. डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेचे आयुक्तच अटकेत गेले आणि पुढे ७,८८० उमेदवारांवर कारवाई झाली. त्यातून शिकायचं ते एवढंच, की दलालाला पैसे देणाऱ्याचे पैसेही जातात आणि नावही. दुसरी बाजू कुणी सांगत नाही. पवित्र पोर्टल आल्यापासून जिल्हा परिषदेच्या शाळांतली भरती अभियोग्यता चाचणीच्या, म्हणजे ‘टेट’च्या २०० पैकी मिळालेल्या गुणांवर होते, तिथे मुलाखत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ११ हजारांहून अधिक उमेदवारांची अशी मुलाखतीशिवाय शिफारस झाली. त्यात शेतमजुरांची मुलं होती, रिक्षावाल्यांची होती. त्या यादीत आपली नावं थोडी असतील, तर त्याचं कारण फॉर्म भरणारेच थोडे होते का, हे आधी तपासा. मग अन्यायाबद्दल बोलू.

रस्ता असा आहे

बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर डी.एल.एड.च लागतं. ११ ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर बी.एड.वाल्यांसाठी ते वर्ग बंद झाले. बी.एड. झालेल्याला सहावी ते आठवीसाठी टीईटीचा दुसरा पेपर लागतो. नववी-दहावीला टीईटीची अट नाही. भरतीच्या गुणवत्ता यादीसाठी ‘टेट’ मात्र सगळ्यांनाच द्यावी लागते.

बी.एड.ला प्रवेश सीईटीतून होतो. शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षेची भीती बाळगण्यासारखं त्यात काही नाही, भीती तारखेची आहे. सीईटीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्यालाही अर्ज करता येतो. आपल्याकडे बी.एड.ची आठवण होते जूनमध्ये, पदवीचा निकाल हातात आल्यावर, म्हणजे नेमका गुणगौरवाच्या दिवशी! तोवर सीईटी होऊन गेलेली असते आणि पोराचं एक वर्ष गेलेलं असतं. त्या वर्षात तो कामाला लागतो. दुसऱ्या वर्षी परत अर्ज करणारे किती निघतात, ते तुमच्याच मोहल्ल्यात मोजा.

आता सरकारचा हिशोब. नोव्हेंबर २०२१ नंतर टीईटी झाली ती थेट नोव्हेंबर २०२४ मध्ये. ‘टेट’ पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये झाली, मग २०२३ आणि मग २०२५. म्हणजे २०१८ मध्ये बी.एड. झालेल्या मुलीने पाच वर्षं नुसती वाट बघायची. इतक्या वर्षांत श्रीमंताचं पोर अभ्यास करत बसतं, गरिबाच्या मुलीचं लग्न होऊन जातं. वेळापत्रक न पाळणाऱ्या सरकारने आधी गरिबाला रांगेतून बाहेर काढलेलं असतं, गुणवत्ता वगैरे त्यानंतर. हे सगळ्याच समाजांच्या उमेदवारांचं दुखणं आहे आणि त्यासाठी सगळ्यांसोबत रस्त्यावर उतरलं पाहिजे.

पैसा कुठे आहे

केंद्राने काय केलं ते आधी सांगतो. २०२२ मध्ये पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती बंद झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाल्याचं लोकसभेत सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशन गुंडाळण्याचा आदेश निघाला. राज्याची गोष्ट त्याहून जुनी आहे. जुलै २०१४ च्या अध्यादेशाने मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं. १४ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतलं आरक्षण थांबवलं, पण शिक्षणातलं चालू ठेवायला हरकत घेतली नाही. न्यायालयाने उघडं ठेवलेलं ते दार नव्या सरकारने अध्यादेशाचा कायदा न करून बंद केलं. हे विसरायचं नाही आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं.

पण जे बंद झालं त्याच्यावर रडताना जे चालू आहे तेही आपण सोडून देतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून घेतलेला हवा. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शुल्क योजनेत निम्मी सवलत आहे. महाडीबीटीवर राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज आहे. पण कॅप चुकवून मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला, की शुल्काची सवलत गेली. ‘सीट पक्की करून देतो’ म्हणणारा एजंट हे कधी सांगत नाही.

आता कागद. आपल्यातले तांबोळी, बागवान, अत्तार, पिंजारी, मुलाणी हे ओबीसी यादीत आहेत. पण ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहून ठेवलेलं असतं. मग चुलत आजोबांचा दाखला शोधा, गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा, जुनी खरेदीखतं आणि महसुली नोंदी काढा. त्यानंतर प्रांत कार्यालय, मग पुण्याची पडताळणी समिती, मग नॉन-क्रिमीलेअर. हे काम महिन्यांचं आहे, प्रवेशाच्या आठवड्यात ते होत नाही. उलट एकाच भावकीत एकाला व्हॅलिडिटी मिळाली, की रक्ताच्या नात्यातल्या बाकीच्यांचं काम हलकं होतं. मग कुठल्या घरात व्हॅलिडिटी आहे, याची नोंद जमातीने का ठेवू नये?

आणि जे शेख, सय्यद, पठाण ओबीसीत येत नाहीत, त्यांच्यासाठी २०१९ पासून ईडब्ल्यूएसचं १० टक्के आरक्षण आहे. ‘ते त्यांच्यासाठी आहे, आपल्यासाठी नाही’ असं आजही कितीतरी घरांत समजलं जातं. ते आपल्यासाठीही आहे. तहसीलदारांकडून दाखला मिळतो आणि तो दरवर्षी नवा काढावा लागतो.

मुलींचा प्रश्न

‘मुलगी रोज पुण्याला जाणार का?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना दौंड स्टेशनवर सकाळच्या गाडीला उभं करा. पुण्याला कामाला, कॉलेजला जाणाऱ्या बायकांनी फलाट भरलेला असतो. शिरूरला रेल्वे नाही, पण एसटी आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना तिचं तिकीट निम्मं आहे. पुण्यात कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये आपल्याच समाजाच्या संस्थेचं बी.एड. कॉलेज आहे. रस्ता आहे, गाडी आहे, कॉलेज आहे, फी माफ आहे. मग अडतंय कुठे? अडतंय ते ‘लोक काय म्हणतील’ इथे. जहेजसाठी कर्ज काढताना लोक काय म्हणतील हे आपण विचारत नाही.

या भीतीचाच फायदा घेऊन ‘न जाता बी.एड.’ विकणारे फिरतात. परराज्यातलं कॉलेज, हजेरी नाही, फक्त परीक्षेला या. मित्रांनो, बी.एड.मध्ये २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काम करायचं असतं. ते न करता वर्गात उभा राहणारा कुणाच्या पोरांचं नुकसान करणार? बहुतेक वेळा आपल्याच मोहल्ल्यातल्या.

हेच अल्पसंख्याक संस्थांच्या सुटीबद्दल. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ आहे अशा नोकरीतल्या शिक्षकांनाही टीईटी बंधनकारक केली. अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून असलेल्या सवलतीचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. संस्था चालवण्याचा घटनात्मक हक्क आपण सोडायचा नाही. पण तो हक्क आणि ‘आमच्या मुलांना परीक्षा न दिलेला शिक्षक चालेल’ ही मागणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरुणांनी सुटीच्या भरवशावर बसू नये. टीईटीचा निकाल २०२१ आणि २०२४ दोन्ही वेळा ५ टक्क्यांच्या आत होता. म्हणूनच ती पास झालेल्याला किंमत आहे, आणि ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

मग करायचं काय

‘सरकारचं काम आपण का करायचं?’ असं विचारणारे भेटतील. सरकारचं काम सरकारकडूनच करून घ्यायचं. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ या संस्थेला ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. टीईटी आणि ‘टेट’चं मोफत प्रशिक्षण आणि त्या काळातलं विद्यावेतन ही मागणी मार्टीपुढे ठेवा, तालुक्यातून सह्या घेऊन ठेवा. पण मागणी मान्य होईपर्यंत पोरांची वर्षं थांबत नाहीत.

म्हणून शिरूर आणि दौंडच्या जमातींपुढे चार कामं. पहिलं, नोव्हेंबरात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या प्रत्येक मुलामुलीची यादी करा आणि जानेवारी संपायच्या आत त्यांचे सीईटीचे अर्ज भरून घ्या. दुसरं, वर्षातून दोनदा दाखल्यांचं शिबिर घ्या. पुढाऱ्याला बोलावण्याऐवजी महा ई-सेवा केंद्र चालवणाऱ्याला बोलवा, आणि कागद कसे शोधायचे हे जाणणारा एखादा निवृत्त तलाठी किंवा हेडमास्तर, तो कुठल्याही समाजाचा असो. तिसरं, जकात-सदक्यातून गरजू विद्यार्थ्याचा प्रवासाचा पास, परीक्षा शुल्क, पुस्तकं यासाठी रक्कम बाजूला काढा. गरजू विद्यार्थी हा गरजूच असतो. चौथं, जे शिक्षक झाले आहेत त्यांना स्टेजवर बसवू नका, दर रविवारी दोन तास वर्गात उभे करा.

याने एका घरात पगार येईल, एवढंच नाही. शिक्षणसेवकाचं मानधन सुरुवातीला १६ ते २० हजार, कायम होण्याआधी तीन वर्षं तेवढ्यावरच. श्रीमंत कुणी होणार नाही. पण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत एखादी बागवान बाई उभी राहिली, की आपल्या मुलांना तर आधार मिळतोच. गावातल्या बाकीच्या चाळीस पोरांनाही मुसलमान म्हणजे कोण हे मोबाईलवरून शिकावं लागत नाही, ते त्यांना पाढे शिकवणाऱ्या बाईंमुळे कळतं. द्वेषाला याहून स्वस्त आणि टिकाऊ उत्तर माझ्या माहितीत नाही.

तरुणांनो, येत्या जुम्म्याला विश्वस्तांना गाठा आणि विचारा, ‘यादी कुठे आहे?’ नसेल तर वही तुम्ही घ्या, पेन तुम्ही घ्या. आणि पुढच्या जूनमध्ये कुणी शाल घेऊन आलं, तर त्याला सांगा: शाल राहू द्या, त्या पैशांत दोन पोरांच्या सीईटीचा फॉर्म भरा.