पहिल्या पन्नासांतली नोकरी

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस ताईचा फोन आला की तो अनारशाच्या पिठासंबंधी असणार, असा माझा आजवरचा अनुभव. यंदा मात्र तिने फराळाचे नावही काढले नाही. "अरे, त्याला दोन नोकऱ्या लागल्यात," ती म्हणाली, "आणि तो भलतीच धरायला निघालाय. तू मास्तर ना? समजाव त्याला."

पूर्वी एक नोकरी लागावी म्हणून लोक देव पाण्यात घालून बसत. आता दोन लागल्या म्हणून मामाला साकडे! भाचेराव संध्याकाळी घरी आले आणि त्यांनी चहाच्या कपाशेजारी दोन नेमणूकपत्रे मांडली. एक भोसरीतल्या शे-दीडशे माणसांच्या कारखान्याचे. साधा कागद, खाली मालकांची लपेटेदार सही. दुसरे हिंजवडीतल्या एका बड्या कंपनीचे. त्याच्या कोपऱ्यात रंगीत बोधचिन्ह होते आणि ही कंपनी काम करण्यासाठी देशातल्या पहिल्या पन्नास उत्तम ठिकाणांपैकी एक असल्याची ग्वाही होती. पगार भोसरीचा थोडा जास्त. भाचेरावांचा ओढा तिकडे. ताईचा ओढा पन्नासांकडे. वसुबारसेपर्यंत उत्तर कळवायचे होते.

"मामा, खरं सांग," तो म्हणाला, "ह्या याद्यांवर विसंबावं का माणसानं?"

मी मराठीचा प्राध्यापक. मला अलंकार कळतात, कारखाने कळत नाहीत. परंतु असली प्रशस्तिपत्रे कशी तयार होतात हे मला चांगले ठाऊक आहे, कारण त्यांपैकी एक मी स्वतः लिहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात 'नॅक'ची समिती यायची होती. ('नॅक' ही १९९४ साली स्थापन झालेली, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी संस्था. प्राध्यापकांच्या घरी लहान मुलांना बागुलबुवाऐवजी तिची भीती घालतात.) समिती येण्यापूर्वी महाविद्यालयाने आपला अहवाल आपणच लिहायचा असतो. मराठी विभागाचा मजकूर माझ्याकडे आला. त्यात खोटे असे एक अक्षर मी लिहिले नाही, हे आधीच सांगून टाकतो. ग्रंथालयात मराठीची ग्रंथसंपदा समृद्ध आहे, असे लिहिले, ती आहेच. त्या कपाटांची किल्ली ज्या गृहस्थांकडे असे ते निवृत्त होऊन गावी गेले होते, हे लिहायला अहवालात रकाना नव्हता. भिंतींना रंग लागला. जिन्यात भाड्याच्या कुंड्या आल्या. समितीला भेटायला माजी विद्यार्थी बोलावले. कोणते, तर जे हसतमुखाने येतील असे. मध्येच शिक्षण सोडून गेलेल्यांची कुणालाच आठवण झाली नाही. श्रेणी उत्तम मिळाली. प्रवेशद्वारावर फलक लागला.

त्या जूनमध्ये सोलापूरकडची एक मुलगी तो फलक पाहून आमच्याकडे आली. तिला मराठी विशेष विषय घेऊन पदवी करायची होती. एक वर्ष ती माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसली. दुसऱ्या वर्षी, विद्यार्थीसंख्या पुरेशी नाही म्हणून विशेष मराठीचा वर्गच बंद झाला. "सर," तिने मला व्हरांड्यात गाठून विचारले, "मग ती श्रेणी कशाची होती?" मी काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते आज आठवत नाही. बरे असते तर आठवले असते. तिने नाइलाजाने अर्थशास्त्र घेतले. फलक पुढे कित्येक वर्षे होता.

भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे सगळं खोटंच!" तरुणांचे हे असे असते. खोटे कुठे होते? ज्याला त्याला जे विचारले गेले त्याची उत्तरे खरीच होती. त्या मुलीचा प्रश्न तेवढा कुणी विचारला नव्हता.

ह्या याद्यांचा मूळपुरुष शोधू गेले तर तो तसा सज्जन निघतो. रॉबर्ट लेव्हरिंग, मिल्टन मॉस्कोविट्झ वगैरे अमेरिकन पत्रकारांनी गावोगाव हिंडून, कामगारांशी आणि कारकुनांशी बोलून, १९८४ साली अमेरिकेतल्या काम करायला उत्तम अशा शंभर कंपन्यांवर पुस्तक लिहिले. मालकांच्या नव्हे, नोकरांच्या तोंडून कंपनी समजून घ्यायची, ही कल्पना तेव्हा अगदी नवी होती. पुढे १९९८ पासून 'फॉर्च्यून' नियतकालिकात दरवर्षी तशी यादी येऊ लागली. आज आपल्याकडेही याद्यांचा सुकाळ आहे: मोठ्या कंपन्यांची वेगळी, लहानांची वेगळी, बँकांची वेगळी, स्त्रियांसाठी उत्तम अशांची वेगळी. शाळेच्या बक्षीससमारंभात जसे एकही मूल रिकाम्या हाताने घरी जाऊ नये अशी व्यवस्था असते, तसे काहीसे.

त्यांतल्या नावाजलेल्या याद्यांची रीत साधारण अशी. कंपनीने आपण होऊन परीक्षेला बसायचे आणि शुल्क भरायचे. मग तिच्या कर्मचाऱ्यांना प्रश्नावली जाते. शिवाय आपण कर्मचाऱ्यांसाठी काय काय करतो ते कंपनी स्वतः लिहून देते. आता भोसरीच्या मालकांनी अशी काही परीक्षा असते हे ऐकलेही नसेल. यादीत त्यांचे नाव नाही ते नापास झाले म्हणून नव्हे. ते बसलेच नाहीत. आणि प्रश्नावली कुणाला जाते? जे आज नोकरीत आहेत त्यांना. जे कंटाळून गेले, घालवले गेले, आजारी पडून घरी बसले, ते आमच्या त्या मध्येच शिक्षण सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांसारखे. कुणाच्या हिशेबात नाहीत.

बरे, आत असलेली माणसे मनापासून उत्तरे देत असली तरी त्यांना तरी सगळे कुठे दिसते? एन्रॉनचे नाव मराठी माणसाला नव्याने सांगायला नको. गुहागरजवळच्या अंजनवेलच्या किनाऱ्यावर त्या कंपनीने वीजप्रकल्प आणला, त्यावर निवडणुका गाजल्या, १९९५ साली करार रद्द झाला, पुन्हा नवा झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये बंदही पडली. इथे आपण तिच्या विजेच्या दरावर भांडत होतो. आणि तिकडे, तिच्या स्वतःच्या देशात, २००० साली ती 'फॉर्च्यून'च्या त्या उत्तम शंभरांत होती, तीही पहिल्या पंचविसांत! तिथल्या नोकरांनी खोटी उत्तरे दिली असतील असे मला वाटत नाही. शेअर चढत होता, पगार चांगला होता, कचेरी चकचकीत होती. त्यांचा कंपनीवर विश्वास होता. इतका, की निवृत्तीसाठी बाजूला टाकलेले पैसेही बहुतेकांनी कंपनीच्याच शेअरांत ठेवले होते. ऑगस्ट २००० मध्ये नव्वद डॉलरांना असलेला तो शेअर नोव्हेंबर २००१ अखेर एका डॉलरच्याही खाली आला. घसरण चालू असतानाच निवृत्तियोजनेचा व्यवस्थापक बदलायचा म्हणून काही दिवस तिचे व्यवहार गोठवले होते. विकू म्हटले तरी विकता येईना. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी सुमारे चार हजार माणसे आपापले सामान खोक्यात भरून ह्यूस्टनच्या त्या इमारतीतून बाहेर पडली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मास्तर एकांगी ठरतो. ॲलेक्स एडमन्स ह्या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ह्याच याद्यांचा १९८४ पासून २००९ पर्यंतचा हिशेब मांडला, तेव्हा यादीतल्या कंपन्यांचे शेअर त्यांच्याच धंद्यातल्या इतर कंपन्यांपेक्षा वर्षाला सरासरी २.१ टक्के अधिक फळले असे आढळले. म्हणजे यादी अगदीच पोकळ नाही. पण हा दिलासा शेअर घेणाऱ्याला. त्याच्याकडे पन्नास कंपन्यांचे शेअर असू शकतात; नोकरी करणाऱ्याला जन्म एकच आणि साहेबही एका वेळी एकच.

हल्ली इंटरनेटवर नोकरदारच आपापल्या कंपनीला तारे देतात. भाचेरावांनी तेही मोजले होते. त्यांतही गोम आहे. 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१९ साली तपासून पाहिले तेव्हा चारशेहून अधिक कंपन्या अशा निघाल्या की त्यांच्याबद्दलच्या अभिप्रायांना एखाद्याच महिन्यात अचानक पूर आलेला, आणि त्या पुरात पाच ताऱ्यांचे पीक भलतेच.

एवढे पांडित्य झाल्यावर मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो त्या हिंजवडीच्या कंपनीत होता आणि दोन वर्षांपूर्वी सोडून गेला. "सर, कंपनीला नावं नाही ठेवणार मी," तो म्हणाला. "कँटीन झकास, रजा मिळायच्या. माझा साहेब रात्री साडेदहाला फोन करायचा, एवढंच. खालच्या मजल्यावरची माणसं सहाला घरी जायची."

"आणि त्या प्रश्नावलीत तू काय भरलंस?"

"सगळीकडे 'पूर्ण सहमत'. कागदावर नाव नव्हतं, सर. पण आमच्या गटात आम्ही सहाच जण होतो."

भाचा शेजारी बसून ऐकत होता. त्याने मान डोलावली नाही की मामा थोर आहे असेही म्हटले नाही. घरी जाऊन त्याने दोन्हीकडे एकच पत्र पाठवले: मला नेमके कुणाच्या हाताखाली काम करायचे आहे, ह्या जागेवर आधी कोण होते, ते का गेले आणि त्यांच्याशी मला बोलता येईल का?

भोसरीच्या मालकांचा फोन आला. नोकरी लागायच्या आधीच चौकशा करणारी माणसे आमच्याकडे टिकत नाहीत, असे त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितले. हिंजवडीहून दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात साहेबांचे नाव होते, आणि त्या जागेवरून कंपनीतच दुसऱ्या विभागात गेलेल्या बाईंचा फोन नंबर, त्यांची परवानगी घेऊन दिलेला. त्या बाई अर्धा तास बोलल्या. पहिले वर्षभर काम कंटाळवाणे आहे, पण साहेब स्वतः सहाला उठतात, म्हणाल्या.

वसुबारसेला भाचेरावांनी हिंजवडीला होकार कळवला. त्या बाईंचे, त्या फोनचे मी ताईला दोनदा समजावून सांगितले. ती मोदकाची उकड मळावी तशी मान हलवत होती. धनत्रयोदशीला ती पेढे घेऊन शेजारी गेली, तेव्हा जिन्यातून तिचा आवाज वरपर्यंत ऐकू येत होता: "देशातल्या पहिल्या पन्नासांतली कंपनी आहे हो! कागदावर शिक्का आहे."