गाजरगवत उपटण्याचा मुहूर्त

दरवर्षी गांधी जयंतीला अनेक शाळांमधून श्रमदान होते. मैदानाच्या कडेला व कुंपणालगत माजलेले गाजरगवत विद्यार्थी उपटतात आणि ओढत नेऊन एका कोपऱ्यात त्याचा ढीग घालतात. आवार स्वच्छ दिसते. परंतु पुढल्या पावसाळ्यात त्याच जागी, आणि ढिगाच्या वाटेवरही, गवत पुन्हा उभे राहते. असे का व्हावे? माझ्या मते कष्ट कमी पडत नाहीत, कामाचा दिवस चुकतो.

गाजरगवत ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वनस्पती. पार्थेनियम हिस्टेरोफोरस हे तिचे शास्त्रीय नाव. पाने गाजराच्या पानांसारखी म्हणून गाजरगवत. काँग्रेस गवत असेही तिला म्हणतात. पुण्यात १९५५ साली ती आढळली आणि नंतर देशभर पसरली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर तिचे बी आले असावे, असे मानले जाते.

या झाडाचे खरे बळ त्याच्या बियांत आहे. चांगले वाढलेले एक झाड १५ ते २५ हजार बिया देऊ शकते. बी इतके बारीक व हलके असते की वारा, वाहते पाणी, गुरांचे खूर आणि गाड्यांची चाके यांबरोबर ते सहज दूर जाते. मातीत पडलेले बी काही वर्षे टिकू शकते. रोप उगवल्यापासून साधारण महिना-दीड महिन्यात त्याला पांढरी फुले येऊ लागतात. आता हिशेब करा. जूनच्या पावसात उगवलेले झाड जुलैअखेर फुलते. २ ऑक्टोबरपर्यंत त्याचे पुष्कळसे बी जमिनीवर सांडून गेलेले असते. अशा वेळी झाड उपटून ओढत नेणे म्हणजे आपल्याच हातांनी पेरणी करणे होय!

म्हणून गाजरगवताची मोहीम जुलैच्या आरंभी, फुले येण्यापूर्वी घ्यावी. तेव्हा पाऊस व चिखल असतो, नुकतीच शाळा सुरू झालेली असते, असे कोणी म्हणेल. पण ओली जमीन हीच तर सोय आहे. भुसभुशीत मातीतून सोटमूळ सबंध निघते. वाळलेल्या जमिनीत झाड वरच्या वर तुटते आणि राहिलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटते. शिवाय न फुललेल्या झाडांचे खत करता येते; फुललेल्या झाडांचे खत मात्र बी पसरवण्याचा धोका पत्करते. ओल मिळाली की हे बी वर्षात केव्हाही रुजते, त्यामुळे एक फेरी पुरत नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा पाहणी हवीच.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांना हे काम द्यावेच का? या झाडातील पार्थेनिन या द्रव्यामुळे काहींच्या त्वचेला खाज व पुरळ येते. परागांमुळे शिंका आणि दम्याचा त्रास होतो. एकदा हात लावून काही झाले नाही म्हणून निर्धास्त राहू नये, कारण वारंवार संपर्क आल्यावर ॲलर्जी निर्माण होऊ शकते. तेव्हा हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडावर फडके नसेल तर हे काम करूच नये. दमा किंवा त्वचेचा विकार असलेल्या विद्यार्थ्याला त्यातून वगळावे. फुले येण्याआधी काम केल्यास परागांचा त्रासही टळतो.

या कामात आपल्याला एक सोबतीही आहे. झायगोग्रामा बायकलरेटा नावाचा भुंगेरा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणण्यात आला. आपल्या पिकांना तो अपायकारक नाही ना, याच्या चाचण्या घेऊन १९८४ पासून तो सोडण्यात आला. फिकट पिवळसर पाठीवर तपकिरी नागमोडी पट्टे, ही त्याची खूण. तो व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने आणि कोवळे शेंडे फस्त करतात. मात्र पाऊस संपल्यावर तो जमिनीत दडून बसतो, म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही. पडीक जागेत तो दिसला तर कीटकनाशक मारू नये. त्याचे काम त्याला करू द्यावे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पहिल्या पावसानंतर आवारात एक मीटर लांब-रुंद चौकोन आखून विद्यार्थ्यांना रोपे मोजू द्या आणि पहिले फूल कोणत्या तारखेला येते ते नोंदवू द्या. दोन-तीन वर्षांच्या नोंदींवरून तुमच्या शाळेला मोहिमेची स्वतःची तारीख मिळेल. श्रमदानाइतकेच हे निरीक्षणही मोलाचे आहे. गांधी जयंतीला स्वच्छता जरूर करावी. पण गाजरगवताशी गाठ असेल, तर दिवस आपल्या सोयीने नव्हे, त्या झाडाची वाढ पाहून ठरवावा.